नांदेड-लातूरमधील शाश्वत विकास शिक्षणासाठी प्रादेशिक भागीदारी : शिक्षक-प्राध्यापकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, शालेय शिक्षण, महाराष्ट्र शासन
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र शासन
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल, महाराष्ट्र शासन
मा. कुलगुरू, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड
मा. विभागीय शिक्षण उपसंचालक, लातूर
मा. जिल्हाधिकारी व मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नांदेड आणि लातूर

महोदय,

नांदेड जिल्ह्यातील १६ आणि लातूर जिल्ह्यातील १० अशा २६ तालुक्यांत परिसर अभ्यास, भूगोल, विज्ञान, जलसुरक्षा, पर्यावरण आणि कृषी हे विषय शिकवणाऱ्या शिक्षक-प्राध्यापकांच्या वतीने हे मागणीपत्र सादर करीत आहोत. आमच्या सभासदांत जिल्हा परिषद शाळांतील गुरुजी आणि बाई आहेत, अनुदानित संस्थांतील माध्यमिक शिक्षक आहेत, किनवट-माहूर भागातील आश्रमशाळांचे शिक्षक आहेत, आणि वरिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापकही आहेत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. इथल्या मुलांना त्यांची जमीन, त्यांचे पाणी, त्यांचे पीक आणि त्यांचे हवामान शिकवण्यासाठी लागणारे ज्ञान याच भागात उपलब्ध आहे. ते आठ-दहा कार्यालयांत विखुरले आहे. त्या सर्वांना एका टेबलाशी बसवण्याची जबाबदारी आज कोणाच्याही नावावर नाही. ती शासन निर्णयाने निश्चित करावी, तिला माणसे, वेळ आणि पैसा द्यावा, आणि शिक्षकाला त्या टेबलाशी मताधिकाराची जागा द्यावी.

कायद्याने दिलेले, वर्गात न उतरलेले

सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण शिक्षण शाळा-महाविद्यालयांत अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी होत नाही हे पाहून न्यायालयाला २००३ साली पुन्हा आदेश द्यावे लागले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू केला. १९९१ साली पहिलीच्या वर्गात बसलेले मूल आता चाळिशीत आले आहे आणि त्याची मुले आमच्यासमोर बसतात.

संयुक्त राष्ट्रांनी २००५ ते २०१४ हे शाश्वत विकास शिक्षणाचे दशक म्हणून पाळले. सप्टेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास ध्येयांतील ४.७ या उद्दिष्टानुसार २०३० पर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला हे शिक्षण मिळायला हवे. भारत त्यात सहभागी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पदवीस्तरावर पर्यावरण शिक्षणाला चार श्रेयांक दिले, त्यांत प्रत्यक्ष क्षेत्रकार्यही धरले. तेव्हा हा विषय ऐच्छिक उपक्रम आहे की शासनाचे कर्तव्य, यावर चर्चा करण्यासारखे काही उरलेले नाही.

महाराष्ट्राने नववी-दहावीला जलसुरक्षा आणि अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हे विषय आणले. त्याचे आम्ही स्वागत केले आणि आजही करतो. परंतु हे श्रेणी विषय आहेत. त्यांचे मूल्यमापन शाळेतच होते, त्यांच्यासाठी स्वतंत्र शिक्षकपद नाही, आणि परीक्षा जवळ आली की त्यांच्या तासिका गणित-विज्ञानाकडे जातात. बारावीच्या अखेरीस वही पूर्ण दिसते, प्रकल्प जमा होतो. आणि तो लिहिणाऱ्या मुलाला आपल्या गावच्या विहिरीची पातळी सांगता येत नाही.

लातूर पॅटर्नने महाराष्ट्राला दाखवून दिले आहे की वेळापत्रक, सराव, तपासणी आणि शिक्षकाचा पूर्ण वेळ एकत्र आला की खेड्यातले मूल वैद्यकीय प्रवेशाच्या यादीत येते. त्या शिस्तीचा आम्हाला अभिमान आहे. तिचा दहावा हिस्सा तरी पाण्याच्या शिक्षणाला मिळावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

पाण्याचा प्रश्न आणि जिल्ह्यांच्या सीमा

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. त्याआधीच्या महिन्यात शहरातील पाणवठ्यांभोवती जमावबंदीचा आदेश लावावा लागला होता. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते, मांजरा धरण आटले होते, आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावरून आलेल्या पाण्यावर शहर तगले. त्या वर्षी शाळेत असलेली अनेक मुले आज मतदार आहेत. ती रेल्वे का आली, धरणाचे पाणी कुठे आणि कसे संपले, जमिनीखालचे पाणी किती खोल गेले, कोणत्या पिकाने किती पाणी घेतले, या प्रश्नांची मांडणी असलेला एकही धडा त्यांना कोणी दिला नाही.

त्यानंतर उलट टोकही आम्ही पाहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या पुराने हसनाळ, रावणगाव परिसरातील गावे वेढली गेली आणि माणसे दगावली. पुढच्याच महिन्यात अतिवृष्टीने मराठवाड्याची उभी पिके आणि मातीही वाहून नेली. टंचाई आणि पूर एकाच पिढीच्या वाट्याला, एकाच तालुक्याच्या वाट्याला येत आहेत. पाठ्यपुस्तकातील दुष्काळ आणि पूर हे दोन वेगळे धडे आता पुरेसे नाहीत.

मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. धनेगावचे मांजरा धरण बीडच्या हद्दीत आहे आणि त्यावर लातूर शहर अवलंबून आहे. पुढे नदी लातूर जिल्हा ओलांडून कर्नाटकात बिदरकडे जाते, तेलंगणात शिरते, हैदराबादला पाणी देणारा सिंगूर प्रकल्प भरते, आणि सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. लातूरच्या मुलाची नदी आणि बिलोलीच्या मुलाची नदी एकच आहे. अभ्यासाचे नकाशे मात्र जिल्ह्यापाशी थांबतात.

शासन पाण्याच्या बाबतीत सीमा ओलांडून काम करू शकते, याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. त्यानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवले जातात आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडले जाते. देखरेखीसाठी महाराष्ट्र, तेलंगणा आणि केंद्रीय जल आयोग यांचे प्रतिनिधी असलेली समिती आहे. तारीख ठरलेली, प्रमाण ठरलेले, जबाबदार अधिकारी ठरलेले. म्हणून ते दरवर्षी घडते. आम्ही शिक्षणासाठी याच पद्धतीची भागीदारी मागत आहोत.

ज्ञान कोणाकडे आहे

परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून या मातीवर संशोधन करते. त्याचे कृषी महाविद्यालय आणि गळीतधान्ये संशोधन केंद्र लातूरला आहे, कापूस संशोधन केंद्र नांदेडला आहे. सगरोळी आणि लातूर येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. सगरोळीला तर एकाच संस्थेने शाळा, कृषी विज्ञान केंद्र आणि पाणलोटाचे काम एकत्र चालवले आहे; आमची मागणी या मातीत रुजू शकते का, अशी शंका असणाऱ्यांनी बिलोली तालुक्यात जाऊन यावे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या नियमित मोजते. महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रांवर पाऊस, तापमान आणि वाऱ्याची नोंद होते. २०१८ पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दोन्ही जिल्ह्यांतील गावांचे पाण्याचे ताळेबंद मांडले गेले, लातूरमध्ये अटल भूजल योजनेतूनही ते झाले. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते. छत्रपती संभाजीनगरची वाल्मी १९८० पासून जल व भूमी व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देते. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत.

यातील प्रत्येक यंत्रणा आपापल्या विभागाला उत्तरदायी आहे. शाळेला माहिती देणे हे त्यांपैकी कोणाच्याही कर्तव्यसूचीत नाही. ओळखीचा कृषी सहायक असेल तर शिक्षकाला गावचा ताळेबंद मिळतो. त्याची बदली झाली की तो मार्ग बंद होतो. व्यक्तिगत सौजन्यावर शिक्षण चालवणे आम्ही फार काळ केले, यापुढे ते करणार नाही.

मागण्या

मागणी १. शालेय शिक्षण, उच्च शिक्षण, पर्यावरण, कृषी, जलसंधारण आणि आदिवासी विकास या विभागांच्या संयुक्त शासन निर्णयाने नांदेड व लातूर जिल्ह्यांसाठी शाश्वत विकास शिक्षणाचे स्थायी प्रादेशिक मंडळ ६० दिवसांत स्थापन करावे. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी त्याचे अध्यक्षपद आळीपाळीने एकेक वर्ष भूषवावे. वर नमूद केलेल्या सर्व संस्था त्याच्या पदसिद्ध सदस्य असाव्यात. एकतृतीयांश जागा कार्यरत शिक्षकांच्या आणि दोन जागा शाळा व्यवस्थापन समित्यांच्या असाव्यात. बीड आणि धाराशिव हे मांजरेच्या वरच्या अंगाचे जिल्हे कायम निमंत्रित असावेत.

मंडळाची बैठक दर तीन महिन्यांनी व्हावी आणि इतिवृत्त १५ दिवसांत मराठीत प्रसिद्ध व्हावे. सलग दोन बैठकांना प्रतिनिधी न पाठवणाऱ्या विभागाची नोंद विभागीय आयुक्तांकडे जावी. मंडळ स्थायी असावे यावर आम्ही ठाम आहोत. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, आणि मुदतीवर जगणाऱ्या मंडळांवर प्रदेशाने किती विसंबावे हे सर्वांना कळले.

मागणी २. मंडळाचे कार्यालय स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या विष्णुपुरी परिसरात आणि जोडकार्यालय विद्यापीठाच्या लातूर उपकेंद्रात असावे. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत, तसेच लातूर विभागीय शिक्षण मंडळाच्या आणि लातूरच्या शिक्षण उपसंचालकांच्या अखत्यारीतही आहेत. म्हणजे नवीन प्रशासकीय सीमा आखावी लागणार नाही. प्रत्येक कार्यालयात एक पूर्णवेळ समन्वयक आणि एक सहायक असावा. अतिरिक्त कार्यभार म्हणून ही जबाबदारी कोणाच्याही गळ्यात टाकू नये.

मागणी ३. पहिली दोन वर्षे काम झाल्यावर मंडळाने संयुक्त राष्ट्र विद्यापीठाकडे प्रादेशिक तज्ज्ञता केंद्र म्हणून मान्यतेचा प्रस्ताव पाठवावा. ‘आरसीई’ या नावाने ओळखली जाणारी ही केंद्रे २००५ पासून सुरू झाली. आज जगात अशी दीडशेहून अधिक केंद्रे आहेत, पुण्यातही एक आहे. शाळा, विद्यापीठ, स्थानिक प्रशासन आणि लोकसंस्था यांचे एका भूभागापुरते जाळे, असे त्यांचे स्वरूप असते. या मान्यतेबरोबर निधी येत नाही. म्हणून आम्ही तिला शेवटची पायरी मानतो. आधी काम उभे राहावे, मग पाटी लागावी.

मागणी ४. वेळ. नववी ते बारावीच्या जलसुरक्षा आणि पर्यावरण विषयांच्या तासिका अन्य विषयांकडे वळवता येणार नाहीत, असे स्पष्ट परिपत्रक काढावे आणि शाळा तपासणीत ही बाब पाहावी. पाचवीपासून पुढे प्रत्येक वर्गाला वर्षातून किमान चार क्षेत्रभेटींचे दिवस शालेय दिनदर्शिकेत मंजूर असावेत: पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात, रब्बीच्या पेरणीला आणि उन्हाळ्याच्या तोंडावर. पाण्याचा अभ्यास एका सहलीत होत नाही. तीच विहीर, तोच नाला चार वेळा पाहावा लागतो.

अकरावी-बारावीला हा विषय शिकवणाऱ्यांच्या तासिका कार्यभारात पूर्ण धराव्यात. पदवी महाविद्यालयांत चार श्रेयांकांचा अनिवार्य अभ्यासक्रम तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या खांद्यावर टाकला जातो. त्यांना क्षेत्रकार्याच्या तासांचे मानधन मिळावे आणि प्रत्येक जिल्ह्यात या विषयाची पूर्णवेळ पदे टप्प्याटप्प्याने मंजूर व्हावीत.

मागणी ५. अभ्याससाहित्य. बालभारती तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हानिहाय काढत आली आहे. नांदेडच्या मुलाला नांदेडचे, लातूरच्या मुलाला लातूरचे. ही महाराष्ट्राची जुनी आणि शहाणी परंपरा आहे, पण ती तिसरीतच संपते. सातवी, नववी आणि अकरावीसाठी मांजरा-गोदावरी खोऱ्याच्या पूरक पुस्तिका पुढील शैक्षणिक वर्षाच्या आरंभापूर्वी तयार कराव्यात. त्यांत मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी, आसना आणि पैनगंगा या नद्या असाव्यात; विष्णुपुरी, बाभळी आणि धनेगाव हे जलप्रकल्प असावेत; काळी जमीन, सोयाबीन, तूर आणि ऊस असावा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप आणि त्यानंतर ५२ गावांचे स्थलांतर करून झालेले पुनर्वसन असावे. ती घरे बांधताना काय चुकले आणि काय साधले हे सांगणारी माणसे औसा-निलंग्याकडे अजून आहेत. त्यांच्या आठवणी विद्यार्थ्यांनी आताच नोंदवायला हव्यात.

उसाबद्दल एक गोष्ट स्पष्ट करतो. पुस्तिकेत उसाचे पाणी मोजले पाहिजे आणि उसाचे अर्थकारणही सांगितले पाहिजे. कारखाना हमी भाव देतो म्हणून शेतकरी ऊस लावतो; त्याला दोषी ठरवणारा धडा आम्ही शिकवणार नाही. ठिबकवरचा ऊस, मोकाट पाण्यावरचा ऊस, तूर आणि करडई यांचा हिशेब मुलांसमोर मांडावा आणि निष्कर्ष त्यांना काढू द्यावा. या पुस्तिका उर्दू माध्यमाच्या शाळांसाठी उर्दूत, तसेच देगलूर-धर्माबाद आणि उदगीर-देवणी पट्ट्यासाठी गरजेनुसार तेलुगू व कन्नडमध्ये निघाव्यात. लेखनात किमान निम्मे सदस्य वर्गात शिकवणारे असावेत.

मागणी ६. माहिती. भूजलपातळी, महसूल मंडळनिहाय पाऊस आणि प्रकल्पांतील जलसाठा यांचा तालुकानिहाय मराठी तक्ता मंडळाने दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत शाळांना द्यावा. मांडलेले गावनिहाय ताळेबंद त्या-त्या गावच्या शाळेला एक महिन्यात मिळावेत. प्रत्येक केंद्रशाळेला पर्जन्यमापक, पातळी मोजण्याची फीत आणि पाणी तपासणीचा साधा संच द्यावा. विद्यार्थ्यांनी केलेल्या नोंदी भूजल यंत्रणेने तपासून घ्याव्यात आणि योग्य असतील तर वापराव्यात. आपण मोजलेला आकडा कोणीतरी गंभीरपणे वाचतो, हे कळले की मुले अचूक मोजतात. हा आमचा वर्गातला अनुभव आहे.

मागणी ७. महाविद्यालये. नव्या पदवी रचनेत क्षेत्र प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग यांना श्रेयांक आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. हे सर्व तास आज सुटे-सुटे खर्ची पडतात. मंडळाने दरवर्षी गावांची यादी जाहीर करावी, महाविद्यालयांनी त्या गावांशी तीन वर्षांचा करार करावा, आणि विद्यार्थ्यांचे काम ताळेबंद अद्ययावत करणे, जैवविविधता नोंदवही तपासणे, शाळेला मदत करणे यांत एकवटावे. ग्रामसभेत अहवाल वाचल्याशिवाय श्रेयांक देऊ नयेत.

मागणी ८. जी मुले शाळेतच नसतात. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीनंतर वर्गातून नाहीशी होतात. पाण्याच्या आणि पिकाच्या शिक्षणाची सर्वाधिक गरज ज्यांना आहे, ती हीच मुले. हंगामी वसतिगृहे कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत, सुरू व्हावीत आणि त्यांचा निधी आगाऊ मिळावा. वसतिगृह उशिरा उघडले तर मूल आईबापांबरोबर गेलेले असते, मग उघडूनही उपयोग नाही.

किनवट आणि माहूर तालुक्यांत गोंड, कोलाम आणि आंध समाजांतील जाणत्या माणसांना जंगल, रानभाज्या, बियाणे आणि औषधी वनस्पतींची जी माहिती आहे ती कोणत्याही पदवीपेक्षा कमी नाही. अशा व्यक्तींना आश्रमशाळांत मानद मार्गदर्शक म्हणून बोलवावे आणि प्रतिदिन मानधन द्यावे. किनवटचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि विद्यापीठाचे तेथील आदिवासी विकास व संशोधन केंद्र यांनी हे संयुक्तपणे करावे. नोंदवलेल्या ज्ञानावर त्या समाजाचे नाव आणि हक्क राहावा.

मागणी ९. शेजारी राज्ये. बिदर, निजामाबाद, कामारेड्डी आणि आदिलाबाद या जिल्ह्यांच्या शिक्षण प्रशासनाशी मंडळाने पत्रव्यवहार सुरू करावा आणि वर्षातून एकदा नदीकाठच्या शाळांची संयुक्त परिषद भरवावी. त्यासाठी राज्य शासनाने पूर्वपरवानगी एकदाच द्यावी. प्रत्येक वर्षी नव्याने फाइल फिरू नये.

मागणी १०. प्रशिक्षण. दरवर्षी प्रत्येक तालुक्यातील ४० शिक्षकांना पाच दिवसांचे निवासी प्रशिक्षण मिळावे. त्यातील तीन दिवस शिवारात जावेत. प्रशिक्षक कृषी विद्यापीठ, वाल्मी, भूजल यंत्रणा आणि अनुभवी शिक्षक यांतून घ्यावेत. पडद्यावरच्या एकतर्फी व्याख्यानाला आम्ही प्रशिक्षण मानणार नाही. एकशिक्षकी आणि द्विशिक्षकी शाळांत त्या दिवसांपुरती पर्यायी व्यवस्था केल्याशिवाय शिक्षकाला बोलावू नये.

पैसा

मागण्या खर्चासह मांडाव्यात, असा आमचा शिरस्ता आहे. प्रशिक्षण, क्षेत्रभेटी, साधने आणि मानधन यांसाठी प्रत्येक तालुक्याला वर्षाला ६ लाख रुपये धरले तर २६ तालुक्यांचे १ कोटी ५६ लाख होतात. दोन कार्यालयांना प्रत्येकी २२ लाख धरले तर ४४ लाख. एकूण २ कोटी रुपये वार्षिक. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या ३३,६१,२९२ आणि लातूरची २४,५४,१९६ आहे. म्हणजे हा खर्च माणशी वर्षाला साडेतीन रुपयांपेक्षा कमी आहे. पुस्तिकांच्या छपाईचा आणि मागणी ४ मधील नव्या पदांचा खर्च यात नाही. पुस्तिकांचा खर्च नियमित पाठ्यपुस्तक योजनेतून आणि पदांचा उच्च शिक्षण विभागाच्या वेतन तरतुदीतून व्हावा.

निम्मी रक्कम दोन्ही जिल्हा नियोजन समित्यांनी नावीन्यपूर्ण योजनांच्या तरतुदीतून द्यावी आणि उरलेली संबंधित विभागांनी समान हिश्श्याने. कंपनी कायदा, २०१३ मधील सामाजिक उत्तरदायित्व निधी घेण्यास आमची हरकत नाही, परंतु तो वरचा असावा. मूळ कामाचा पाया देणगीवर ठेवू नये. निधी दरवर्षी ३० जूनपूर्वी वितरित व्हावा, कारण मार्चमध्ये आलेल्या पैशाने पावसाळा मोजता येत नाही.

अटी

ही भागीदारी शिक्षकांवर नव्या कागदांचे ओझे टाकणारी नसावी. नवे ॲप, नवे पोर्टल, रोजचे छायाचित्र आणि पुन्हा तीच माहिती वेगळ्या नमुन्यात, यांतले काहीही आम्ही स्वीकारणार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ ने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीखेरीज इतर अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. वृक्षलागवडीचे खड्डे मोजणे आणि अभियानांचे गुण भरणे हे शाश्वत विकास शिक्षण नव्हे. माझी वसुंधरा अभियानासारख्या मोहिमांत शाळा सहभागी होतील, मात्र शाळेची भूमिका शिकवण्याची राहील.

वर्षाला एक अहवाल पुरेसा आहे. तो आम्ही देऊ, वेळेवर देऊ, आणि त्यात अपयशही लिहू.

आमच्याकडून

मागणाऱ्याने आपला वाटाही सांगावा. पूरक पुस्तिकांचे पहिले मसुदे आमचे सभासद मानधन न घेता १२० दिवसांत लिहून देतील. प्रत्येक तालुक्यात एक निवृत्त शिक्षक क्षेत्रभेटींचे संयोजन पाहील. पहिल्या वर्षी सर्व २६ तालुके शक्य नसतील तर नांदेडमधील बिलोली, मुखेड व किनवट आणि लातूरमधील औसा, जळकोट व निलंगा या सहा तालुक्यांपासून सुरुवात करण्यास आमची संमती आहे. अट एवढीच, की उरलेल्या २० तालुक्यांचे वर्षनिहाय वेळापत्रक त्याच शासन निर्णयात छापलेले असावे.

मुदत

या मागणीपत्रावर ३० दिवसांत चर्चेची तारीख कळवावी आणि मंडळ स्थापनेचा शासन निर्णय येत्या १७ सप्टेंबरपूर्वी निर्गमित करावा. तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे आणि १९९४ साली त्याच दिवशी आमचे विद्यापीठ स्थापन झाले.

तोपर्यंत निर्णय न झाल्यास दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांसमोर शालेय वेळेबाहेर साखळी धरणे सुरू होईल. वर्ग बंद ठेवले जाणार नाहीत. त्यानंतर ६० दिवस वाट पाहून, १९९१ आणि २००३ च्या आदेशांच्या अंमलबजावणीसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका दाखल करण्याचा ठराव आमच्या सर्वसाधारण सभेपुढे मांडला जाईल.

चर्चेसाठी आमचे सात प्रतिनिधी, चार नांदेडचे आणि तीन लातूरचे, आपण ठरवाल त्या कार्यालयीन दिवशी उपस्थित राहतील.

आपले,
नांदेड व लातूर जिल्ह्यांतील सभासद शिक्षक-प्राध्यापकांच्या वतीने,
अध्यक्ष, कार्याध्यक्ष व सरचिटणीस